अर्धशिशी आणि तत्त्वज्ञान

मालेगावात नव्हे, मालेत. पौडच्या पुढचं माले. पत्ता सांगताना हे दरवेळी म्हणावं लागायचं. दोन हजार तीनच्या सुमारास आम्ही तिथं एका शेतकरी कुटुंबाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. नवरा मोटारसायकलवरून घोटवड्याच्या रस्त्यानं हिंजवडीला कामावर जायचा. आम्ही दोघंही परभणीकडचे, त्यामुळे तिथला पाऊस अंगवळणी पडायला मला बरेच दिवस लागले. उशीसुद्धा ओलसर लागायची.

मी पीएच.डी.ला नाव घातलं होतं. विषय होता, साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या, देवाचा आणि जगाचा विचार करणाऱ्या बायका. काही जणी गूढ अनुभवांबद्दल लिहायच्या, काही भर सभेत उभं राहून बोलायच्या आणि त्यासाठी तुरुंगात जायच्या. आणि एक होती मोठ्या घराण्यातली, जिचं डोकं आयुष्यभर दुखत राहिलं. विद्यापीठाची दारं बायकांना बंद होती, म्हणून तिनं एका प्राध्यापकाकडून पत्रानं शिकून घेतलं आणि पुढे स्वतःचा विचार मांडला. तो छापला गेला तेव्हा ती हयात नव्हती, आणि पुस्तकावर तिचं नावही नव्हतं.

माझे मार्गदर्शक सज्जन होते, पण पहिल्याच भेटीत म्हणाले, "ह्या बायकांना धार्मिक लेखिका म्हणा. तत्त्वज्ञ म्हटलंत की समितीपुढे अडचण येईल."

मी म्हटलं, "अडचण आली तर बघू, सर."

घरमालकीणबाईंना मी मावशी म्हणायचे. त्यांची सून माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, बारावी झालेली. तिला अर्धशिशी होती. भातलावणीत दिवसभर खाचरात वाकून, पाण्यावरची तिरीप डोळ्यांवर घेतली की दुसऱ्या दिवशी ती उठू शकायची नाही. मावशींनी अंगारे केले, गळ्यात ताईत बांधला, कुणीतरी सांगितलं म्हणून नाकात कसलासा रस घातला. खाली घरात टीव्ही, गुरं, येणारीजाणारी माणसं. एका दुपारी ती भिंत धरत जिना चढून वर आली.

"ताई, तुमच्या मागच्या खोलीत अंधार हाय ना? घटकाभर पडू द्या."

पदर कपाळाला आवळून ती फरशीवरच आडवी झाली. मी दाराशी उजेडाला बसून वाचत राहिले. संध्याकाळकडे दुखणं ओसरल्यावर तिनं विचारलं, "काय वाचताय एवढं?"

मी सांगितलं. डोकेदुखीचं ऐकल्यावर ती उठून बसली.

"मंग बरं झालं का तिचं?"

"नाही. मोठमोठे वैद्य झाले. शेवटपर्यंत दुखतच होतं."

"आन् तरी लिवलं?"

"तरी लिहिलं."

तिनं कपाळाला आवळलेला पदर सोडला. मग म्हणाली, "काय लिवलं ते सांगा."

मी जमेल तसं सांगितलं. त्या बाईच्या मते शरीर आणि जीव ह्या दोन वेगळ्या जातीच्या वस्तू नव्हेत. जे जे आहे त्या सगळ्यात जीव आहे, आणि सगळं हळूहळू चांगल्याकडे जातं. दुःखसुद्धा शेवटी माणसाला चांगल्याकडेच नेतं.

"पयलं पटतंय," ती म्हणाली. "डोकं दुखतं तवा जीव बी दुखतो, वेगळा कुटं काढायचा? पर दुसरं न्हाई पटत. दुखण्यानं माणूस सुधारत न्हाई. चिडचिडं व्हतं."

मी वाद घातला. आत्ताचं एकेक दुखणं नव्हे, फार लांबचं, सगळ्या सृष्टीचं ती म्हणत होती, असं समजावलं. तिनं ऐकून घेतलं, पण मान हलवली नाही. पुढच्या वेळी ती वर आली ती डोकं दुखत नसताना.

असं वर्षभर चाललं असेल. त्या सगळ्या बायकांबद्दल तिला ऐकायचं असे. गप्प बसून प्रार्थना करणारा एक पंथ होता, त्यात आतून वाटलं की बाईनंही उठून बोलावं अशी मोकळीक होती. डोकेदुखीच्या त्या बाईला अखेरच्या काळात त्यांचीच सोबत आवडू लागली आणि घरच्यांना ते मुळीच रुचलं नाही. हे ऐकून ती हसली. "घरच्यांचं सगळीकडं सारखंच."

मग एक दिवस तिनं सांगितलं की तिला मुक्त विद्यापीठातून बी.ए. करायचंय. तिच्या नवऱ्याची जीप होती, ताम्हिणीकडे पर्यटक न्यायचा. त्याला तिनं आधीच पटवलं होतं. राहिल्या मावशी.

मावशींनी आम्हा दोघींना जिन्यातच गाठलं. मी वरच्या पायरीवर, ती मधल्या, मावशी खाली कमरेवर हात देऊन.

"डोकं दुखतं म्हणून खाचरात येत न्हाई, आन् पुस्तकं वाचायला बरं राहतं व्हय डोकं?"

प्रश्न खोटा नव्हता. लावणीला तिच्या वाटचं काम मावशींना करावं लागायचं, आणि त्यांचे गुडघे गेले होते. मी मध्ये बोलणार होते, तेवढ्यात ती म्हणाली, "आत्याबाई, डोकं दोन्हीकडं दुखतं. दुखायचंच हाय तर कुटं दुखवायचं ते मी ठरवते."

मावशी म्हणाल्या, "ह्या बाईनं भरवलंय तुला," आणि निघून गेल्या. मला खोल्या सोडायला सांगतील असं वाटलं होतं. तसं झालं नाही, पण कितीतरी दिवस माझ्याशी त्या भाड्यापुरतंच बोलत होत्या. सुनेनं लावणीला मजूर बाई लावायची सोय केली, सकाळची गुरांची सगळी कामं स्वतःकडे घेतली, आणि दुपारी अभ्यासाला बसू लागली. मी तिला पुण्यातल्या डॉक्टरांकडेही घेऊन गेले. गोळ्यांनी दुखणं कमी वेळा येऊ लागलं. गेलं मात्र नाही.

परीक्षेच्या दिवशी ते आलंच. पौडला एसटीतून उतरतानाच तिचा एक डोळा मिटला होता. केंद्राच्या फाटकाशी ती भडाभडा ओकली. मी म्हटलं, "चल परत. पुढच्या वेळी देऊ."

"पुढच्या वेळी दुखणार न्हाई का?" तिनं चूळ भरली, पदर कपाळाला बांधला आणि आत गेली.

मी बाहेर दगडावर बसून राहिले. तीन तासांनी आली तेव्हा चेहरा पांढराफटक होता. त्या पेपरात ती नापास झाली. बाकीच्यांत पास झाली. राहिलेला पेपर तिनं पुन्हा दिला, पुन्हा राहिला, मग तिसऱ्यांदा निघाला.

मधल्या काळात माझं सादरीकरण झालं. समितीतले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "शीर्षकातला 'तत्त्वज्ञ' शब्द काढा, बाकी काम उत्तम आहे. ह्या बायकांनी पद्धतशीर असं काय मांडलंय?"

काय मांडलंय ते मी सांगायला सुरुवात केली. त्यांनी घड्याळ पाहिलं तरी थांबले नाही. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही शब्द बदलणार नाही."

"नाही, सर."

त्या एका शब्दासाठी मला एक अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. दिवसभर वीज जायची, मुलगी पोटात होती, पाय सुजायचे. मार्गदर्शक मात्र तेव्हा माझ्या बाजूनं उभे राहिले, हे सांगायलाच हवं. पदवी मिळाली ती मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर. शब्द होता तिथंच राहिला.

सुनेचं बी.ए. पूर्ण झालं त्याच सुमारास. निकाल कळला त्या दिवशी मावशी भात पाखडत होत्या. सुनेनं सांगितल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं.

"आता डोकं दुखायचं थांबंल का?"

"न्हाई, आत्याबाई."

"मंग पुढचं काय करणार हायेस?"

"एम.ए. तत्त्वज्ञान घेऊन."

मावशींनी सूप पुन्हा उचललं. "चपात्या लाटून जात जा. मला बसून लाटवत न्हाई." एवढंच. पण त्या आठवड्यात मुठा गावाहून आलेल्या आपल्या बहिणीला त्या अंगणात मोठ्यानं सांगत होत्या, "लई दुखतं तिचं, तरी शिकली बघ," आणि मी वरून ऐकत होते.

दोन हजार दहात आम्ही पुण्यात राहायला आलो. ती एसटीनं पुण्याला वर्गाला येऊ लागली. पहिल्या वर्षी आजारपणात तिचे काही पेपर राहिले. मी फोनवर विचारलं, तेव्हा म्हणाली, फॉर्म पुन्हा भरलाय, गोळ्या पर्समध्ये असतात, आणि वर्गात बाई शिकवताना मधेच प्रश्न विचारल्याबद्दल आज बोलणी बसली.

"मग काय केलंस?"

"परत विचारला."