हँडलची पूजा

दिलेला शब्द आयुष्यात एकदाही न मोडलेला माणूस मी एकच पाहिला. अख्खं बोरी गाव त्यांना आप्पा म्हणायचं. शब्द देताना आप्पा गळ्यातल्या इष्टलिंगावर उजवा हात ठेवत, डोळे मिटत, आणि मग एक डोळा किलकिला करून साक्षीला कोण आहे ते बघत. बहुतेक वेळा मीच असे. "मास्तर, तुमी साक्षी हायेत बरं का!"

मी गावच्या शाळेत होतो. हैद्राबाद सरकारच्या हुकमाप्रमाणे मराठी पोरांना दिवसभर उर्दूतून हिशेब शिकवायचा आणि संध्याकाळी आप्पांच्या आडत दुकानाच्या ओट्यावर बसून मराठी ऐकायची, असा माझा नेम होता. तुम्हीही असे ओटे पाहिले असतील. तिथे निर्णय एकच माणूस घेतो, पण सल्ला सगळ्यांना विचारला जातो.

आप्पा मनाने वाईट होते असं कुणी म्हटलं तर मला पटणार नाही. माझी बायको अडली तेव्हा भर पावसात त्यांनी आपल्या लॉरीतली पोती उतरवली, परभणीच्या दवाखान्यापर्यंत स्वतः मागे बसले आणि तिच्यावर ताडपत्री धरली. भाड्याचं नाव काढलं तर रागावले. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सांगताना मला ते दर वेळी आठवतं.

त्या दिवशी लॉरी चालवली ती चाँदभाईने. गाडी आली तेव्हापासून तिचा ड्रायव्हर तोच. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा तिच्या पाठीला कोळशाच्या गॅसचं पिंप बसवलं. पिंपाने धूर ओकायचा आणि चाँदभाईने खोकायचं, असं करत दोघांनी लढाई संपवली. डावं दार सुतळीने बांधलेलं. चालू करायची तर समोर उभं राहून, हँडल घालून, गरागरा फिरवायची.

लढाईनंतर परभणीत नव्या लॉऱ्या दिसू लागल्या आणि ओट्याला विषय मिळाला. जुनी ठेवावी की नवी घ्यावी?

"नवीला हँडल लागत न्हाई म्हणं. बटन दाबलं की झालं," एक जण म्हणे.

"बरोबर हाय," आप्पा म्हणत.

"पर जुनी वळखीची हाय, आप्पा. चिखलातून निघती."

"हे बी बरोबर हाय."

चाँदभाई खाली पायरीवर बसून ऐके. त्याच सुमारास परभणीच्या एका मोटार सर्व्हिसवाल्याने त्याला ड्रायव्हर म्हणून बोलावलं होतं. दसऱ्यापर्यंत हो की नाही ते सांगायचं होतं. नवी लॉरी आली तर तिच्याबरोबर नवा ड्रायव्हरही येणार, हे त्याला कळत होतं. एका संध्याकाळी तो उठून आप्पांसमोर उभा राहिला.

"आप्पा, सच बोलो. गाडी रखते के निकालते? निकालते तो मैं परभनी जातूं."

आप्पांचा हात इष्टलिंगावर गेला. "चाँद, खंडेनवमीला ज्याची पूजा झाली, ते वर्षभर घराबाहेर जात न्हाई. आमच्या बापाची रीत हाय. मास्तर, तुमी साक्षी."

खंडेनवमीला सकाळीच त्यांनी चाँदभाईला सणाला आलेल्या पाव्हण्यांना घेऊन पोखर्णीला पिटाळलं. "लॉरीला नरसिंहाचं दर्शन घडू दे," म्हणाले. लॉरी सुरू झाल्यावर हात पुढे केला. "हँडल ठिव. पूजेला पायजे." चाँदभाईने ते रुमालाने पुसून दोन्ही हातांनी दिलं. सुपारी मांडून गणपती म्हणतात, तसं हँडल मांडलं की लॉरी आली, असं तो समजला. मीही तेच समजलो. तिकडे पोखर्णीला देवदर्शन झाल्यावर रेशमी धोतरातल्या पाव्हण्यांनी लॉरी लोटली, तेव्हा कुठे ती सुरू झाली.

परत आल्यावर चाँदभाईने दारातूनच पाहिलं. देव्हाऱ्यासमोर हँडल, त्यावर भस्माचे पट्टे आणि झेंडूचं फूल. "हौ मास्तर, साल का काम हो गया," तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी परभणीला जाऊन नको म्हणून आला.

दिवाळी झाली. हँडल देव्हाऱ्यातून निघालं नव्हतं, लॉरी रोज लोटूनच सुरू होई. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पांचा निरोप आला, गाडी लोटायला या. चाँदभाई आला. स्टेअरिंगवर जिंतूरचा एक व्यापारी बसला होता. कुणी पाव्हणा असेल, हौसेने बसला असेल, असं चाँदभाईला वाटलं असावं. त्याने मागून हात लावले. "जोर लाव, चाँद! आणखी जोर लाव!" आप्पा ओट्यावरून ओरडत होते. इंजिनने धूर सोडला, लॉरी पुढे निघाली आणि वेशीपाशी थांबण्याऐवजी जिंतूरच्या रस्त्याला लागली. चाँदभाईचे दोन्ही हात तसेच पुढे राहिले.

"कब आती वापस?" त्याने विचारलं.

ओट्यावरचे सगळे आप्पांकडे बघू लागले. मग आप्पाच म्हणाले, "नवी उद्या येईल. हैद्राबादचा ड्रायव्हर हाय तिच्यासंगं."

मी म्हणालो, "आप्पा, तुम्ही शब्द दिला होता. मी साक्षीला होतो."

"मग साक्ष द्या की. पूजा कशाची झाली? हँडलची. ते इकलं का मी? देव्हाऱ्यात हाय, बघून घ्या."

"सुपारी मांडली की आपण तिला गणपती म्हणतो, आप्पा."

"आन् दुसऱ्या दिशी कातरून पानात खातो. तुमी बी खाता, मास्तर."

लोक हसले. चाँदभाई हसला नाही. त्याने खांद्यावरचा रुमाल काढला, हात पुसले, रुमाल झटकून परत खांद्यावर टाकला आणि आप्पांना सलाम करून गेला. परभणीची जागा दिवाळीच्या आधीच भरली होती. पुढे तो परभणीच्या स्टेशनावर टांगा हाकताना दिसे. मला बघितलं की हटकून विचारी, "आप्पा की तबियत कैसी?"

मी ओट्यावर जाणं सोडलं. आप्पांनी दोनदा निरोप धाडला, की साक्षीला माणूस नाही.

आप्पा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. परवा त्यांच्या घरी गेलो होतो. हँडल अजून देव्हाऱ्यातच आहे. घराण्याचा शब्द म्हणून ते कुणी हलवलेलं नाही. नारळ फोडायला बरं पडतं, असं थोरल्या सूनबाई म्हणाल्या.