पोखर्णीवालीचं नाव काय?

वंशावळ करायला घेतली की कागदावर नावं कमी आणि पदरात किस्से जास्त पडतात! माझं पाथरीत झेरॉक्सचं दुकान. घरच्याच मशीनवर प्रिंट निघेल म्हणून मी हौसेनं यात उडी मारली. आता भावकीत कुठंही गेलो की चहाच्या आधी किस्सा सांगावा लागतो.

सुरुवात व्हॉट्सअॅपवर केली. ग्रुप काढला आणि मेसेज टाकला, ‘प्रत्येकानं आपल्या आजोबा-पणजोबांची नावं पाठवा.’ धडाधड गुड मॉर्निंग आले, नाव एकही नाही!

चुलतभाऊ बाळू तेव्हा ऊसतोडीला गेलेला. त्याचा फडातून व्हॉइस मेसेज आला, "दादा, मोळ्या बांधायलोय. पणजोबाचं नाव सांजच्याला सांगतो."

संध्याकाळी खरंच फोन आला. "दादा, टोळीतल्या सगळ्यांना इचारलं. कुनालाच म्हाईत न्हाई!"

*

महिनाभर खपून चार्ट तयार केला. पहिला मान आत्याचा, म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या बहिणीचा. वय बहात्तर, चौथी पास, जिभेला धार. तिनं चष्मा लावून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. पुरुषांची नावं ठसठशीत. बायकांच्या जागी आमच्याकडं सुनांना हाक मारतात तसं, माहेरच्या गावावरून : येलदरीवाली, मानवतवाली, पोखर्णीवाली.

"ही वंशावळ हाय का एसटीची पाटी?" आत्या म्हणाली.

मी हसलो. ती हसली नाही.

"पोखर्णीवाली माझी माय हाय. मी तीन महिन्याची असताना गेली. तुझ्या आज्यानं दुसरं लगीन केलं, पोखर्णीची ये-जा तुटली. माझ्या मायचं नाव काय, हे मला आजपातूर कुनी सांगितलं न्हाई. ते काढ. मंग चार्ट छाप!"

मला लाजच वाटली. ती माझी सख्खी आजी, आणि मी तिच्या गावाचं नाव टाईप करून मोकळा झालो होतो!

*

मग गाठले नानाकाका. माझ्या आजोबांचे धाकटे चुलतभाऊ, पण सगळ्या भावकीचे काकाच; सगळ्यात वडीलधारे. त्यांना आजीचं नाव विचारलं तर म्हणाले, "मोठ्या भावजयीला नावानं कोन हाक मारतं? आमी वैनी म्हणायचो."

तेवढ्यात त्यांची नजर चार्टवर गेली. आमच्याकडं नातवाला आज्याचं नाव ठेवायची रीत, त्यामुळं एकाच फांदीवर तीन मारुती निघाले होते. मी लिहिलं होतं मारुती एक, मारुती दोन, मारुती तीन.

काका भडकले. "आरं, हे आपले पूर्वज हायेत का गाडीचे गिअर?"

*

पण काकांकडं एक कागद होता! निजामाच्या काळातला, उर्दूतला. आपल्याला मिळालेली पाटीलकीची सनद, असं भावकीत सगळे छातीठोक सांगायचे. दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं. त्यात बायकांची नावं असतील, या आशेनं आम्ही तो एका रिटायर्ड उर्दू मास्तरांकडं नेला.

मास्तरांनी दोनदा वाचला. मग हळूच म्हणाले, "ये तो हमीपत्र है. तुमच्या पूर्वजाची म्हैस शेजाऱ्याच्या ज्वारीत घुसली होती. पुन्हा घुसणार न्हाई म्हणून लिवून दिलंय."

मी काकांकडं बघायचं टाळलं.

काकांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "म्हंजे म्हैस तर होती!"

*

शेवटी मी आणि आत्या जीपनं पोखर्णीला गेलो. नृसिंहाच्या देवळापाशी फुलवाल्याला विचारलं, पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारलं. पाथरीकडं दिलेली, बाळंतपणानंतर गेलेली पोरगी एकाला आठवली. "तिची धाकटी बहीण गावातच दिलेली हाय की! हाय अजून."

आत्याला सख्खी मावशी होती! बहात्तराव्या वर्षी कळलं! बाई माझ्या पुढं पळायलाच लागली.

मावशी अंगणात तुरी पाखडत बसलेली. ओळख सांगितली, तसं सूप बाजूला पडलं. दोघी गळ्यात पडून रडल्या. मीही रडलो, उगाच कशाला खोटं सांगू?

मग आत्यानं विचारलं, "मावशे, माझ्या मायचं नाव काय गं?"

"अक्का."

"आगं, खरं नाव?"

"अक्काच की! मी पाच वर्साची असताना ती सासरी गेली. मी लय रडले म्हणून जायच्या आधी यात्रेत न्हेऊन तिनं माझ्या हातावर तिचं नाव गोंदून दिलं. हे बघ, लिवलंय न्हवं, अक्का?"

मावशीला अक्षरओळख नाही. तिनं बाही वर केली. कोपराखाली हिरवी, फिकट झालेली तीन अक्षरं. आत्यानं तो हात उन्हात धरला, एकेका अक्षरावर बोट ठेवलं.

"म... थु... रा." आत्या ओरडलीच, "मथुरा!"

मावशी हाताकडं बघतच राहिली. मग तिनं आत्याचा हात घट्ट धरला.

"आजून एकदा म्हण," ती म्हणाली. "लय वर्सं झाली, तिला कुनी नावानं हाक मारली न्हाई."