भीमराजच्या पंगतीतलं पान

सेनगावजवळच्या तांड्यावरचा प्रेमदास राठोड कॅन्सरमधून वाचला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गुटख्याने तोंड नासलं, किरणांचे शेक घेतले, गडी घरी आला. पण शेकांनी लाळेच्या ग्रंथी करपल्या, हे बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. भाकरीचा तुकडा कोरड्या तोंडात फिरत राही. मग पाणी, बोटाने रेटणं, ठसका. हे ध्यान कुणी बघू नये म्हणून त्याने बाहेर जेवणंच सोडलं.

तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, ‘‘परदेशात जनुक-उपचाराच्या चाचण्या चालू आहेत. निरुपद्रवी विषाणूबरोबर एक जनुक ग्रंथीत सोडतात, मग उरलेल्या पेशी पुन्हा पाणी सोडू लागतात. काहींना गुण आलाय. आपल्याकडे कधी येईल, सांगता येत नाही.’’ प्रेमदासने सोयीचं तेवढंच ऐकलं. तो उपचार येईपर्यंत तोंडाचं कुणाला सांगायचं नाही, असं ठरवून मोकळा झाला. शहाणाच की!

तेवढ्यात भीमराजच्या लेकीचा, सपनाचा साखरपुडा आला. बौद्धवाड्यातला भीमराज आणि तो, दोघांनी मिळून जीप चालवलेली, एका डब्यात जेवलेले. पंगतीत भीमराजने स्वतः वाढलं. प्रेमदासने पानाला हात लावला नाही. ‘‘पोट बराबर न्हाई,’’ असं पुटपुटत तो व्याह्यांदेखत उठून गेला.

त्यानंतर भीमराज रस्ता बदलून जाऊ लागला. शेवटी जिवनबाईनेच नवऱ्याला सुनावलं, ‘‘लोक काय बोलून राहिले ठावं हाय का? तुमाला आता त्यांच्या घरचं चालत न्हाई म्हणे!’’

 आपल्या उठण्याचा असा अर्थ निघेल, हे प्रेमदासच्या मनातही आलं नव्हतं. तसाच तो भीमराजकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं.

भीमराज म्हणाला, ‘‘दवाखान्यात तुझं तोंड म्या पुसलं, प्रेमदास. अन् माझ्यासमोरच लाजला? आता व्याह्यांना काय सांगू?’’

प्रेमदासला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. ‘‘तू नको सांगू. मला घेऊन चल,’’ तो म्हणाला.

कनेरगाव नाक्याला व्याह्यांच्या ओसरीत तो सगळ्यांसमोर जेवायला बसला. घास अडकला, बोटाने रेटला, ठसका लागून थोडा अंगावर सांडला. बायका दारातून बघत होत्या. भीमराज शेजारी बसून ग्लास भरत राहिला. प्रेमदासने मान वर केली नाही, पण ताट पुरं होईपर्यंत तो उठलाही नाही.