एक बोर्ड बाकी

टपाल खात्याने समदभाईंना अकरा वर्षांपूर्वी निवृत्त केलं. कॅरमच्या पंचगिरीतून मात्र कुणी निवृत्त केलं नाही. स्पर्धाच बंद पडल्या. मागे उरले पत्र्याचे सात डबे. कट्टा गावच्या क्लबात अडतीस वर्षं झालेल्या एकूण एक सामन्याचा गुणतक्ता त्यांत होता, शिवाय नियमांच्या पुस्तिका आणि तडकलेले स्ट्रायकर. कागदांना कसर लागली नव्हती, कारण प्रत्येक थरावर ते बोरिक पावडर भुरभुरवत. बोर्डावर तिच्यामुळे सोंगट्या पळतात, डब्यात झुरळं.

क्लबाच्या खोलीत मोबाइलचं दुकान आलं, तेव्हा डबे घरी आले. त्यांच्या पत्नी रहिमाभाभींनी पलंग भिंतीला सरकवून जागा केली. सरकारने ते ठेवून घ्यावेत म्हणून ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीत, चार खेपा झाल्या. एका टेबलावर कळलं की जुने कागद हा अभिलेखांचा विषय. दुसऱ्यावर कळलं की कॅरम हा क्रीडेचा. मधल्या बाकावर समदभाईंचे गुडघे गेले.

मग मुंबईहून तन्वी आली. एका संस्थेसाठी ती कॅरमच्या इतिहासाचा संग्रह जमवत होती. नाकाला रुमाल बांधून तिने तीन डबे उपसले आणि म्हणाली की सगळंच नेईन, नेटवर टाकीन, कुणालाही बघता येईल.

त्या 'कुणालाही'ने समदभाईंची झोप उडवली. चौथ्या डब्यात १९९४ची अंतिम फेरी होती. शंकर बावीस, दत्ताराम वीस. शंकरने बोर्ड घेतला, राणीही घेतली. दत्तारामच्या उरलेल्या सोंगटीचा एक आणि राणीचे तीन मिळवून समदभाईंनी सव्वीस लिहिले आणि पंचवीसचा गेम संपवला. बावीसवर पोचलेल्याला राणीचे गुण मिळत नाहीत, म्हणजे खरे तेवीसच, हे पुस्तिकेत छापलेलं होतं आणि पुस्तिका पंचांच्या खिशात होती. पण कट्ट्यात राणी कायम मोजत. हाताला तेच वळण. चूक दुसऱ्या दिवशी कागद डब्यात ठेवताना दिसली. कागद फाडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि सांगणं जमलं नाही. दत्तारामला मात्र बाजार अजून 'रनरअप' म्हणतो.

सकाळी ते तक्ता घेऊन दत्तारामच्या किराणा दुकानात गेले आणि सगळं सांगितलं. दत्तारामने गिऱ्हाइकाची साखर बांधून होईतो मान वर केली नाही.

"तीस वर्षा गप रवलंस?"

"होय."

"शंकर दोन वर्षांमागे गेलो. आता तो बोर्ड मी कोणावांगडा खेळू, समदा?"

समदभाईंनी तक्ता त्याच्यापुढे सरकवला. दत्तारामने चष्मा लावून तक्ता दोनदा वाचला, मग गल्ल्यातलं लाल पेन पुढे केलं.

"लिव. पण माका जिंकलो म्हणान लिवू नको. तो मेलेलो असा, भांडाक येवचो नाय."

समदभाईंनी लिहिलं: पंचाची चूक. सामना अपूर्ण. खाली दोघांनी सह्या केल्या.

दुपारी तन्वी लॅपटॉपवर नोंदी घेत होती. १९९४शी थांबून तिने विचारलं की विजेत्याच्या रकान्यात काय भरू.

"रेघ ओढा," समदभाई प्रमाण मराठीत म्हणाले, आणि गुडघ्यावर हात टेकून पाचव्या डब्याकडे वळले.