साडूंचा तारांकित प्रश्न

आमच्या साडूंनी घरच्या बाजेवर बसून जेवढ्या मंत्र्यांना घाम फोडला, तेवढ्यांना अख्ख्या विरोधी पक्षाने सभागृहात उभं राहूनही फोडला नसेल. त्या मंत्र्यांना हे ठाऊक नाही, हा भाग वेगळा. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं गाव नांदूरघाटच्या अलीकडं, आणि मी पाटोद्यात पत्रे, खिळे, साखळ्या विकणारा साधा दुकानदार. विधानसभेत आमदार मंत्र्यांना प्रश्न विचारतात, एवढं मलाही माहीत होतं. पण ते प्रश्न कुणीतरी आधी लिहावे लागतात, आणि त्यातले काही आमच्या साडूंच्या बाजेवर, हुलग्याच्या पोत्याला टेकून लिहिले जातात, हे मला फार उशिरा कळलं. प्रत्येक अधिवेशनाच्या कितीतरी आधी ते प्रश्नांचा गठ्ठा रजिस्टर पोस्टाने लांबच्या जिल्ह्यातल्या एका आमदाराच्या पीएला धाडायचे. दहातला एखादा स्वीकारला जायचा आणि आमदारसाहेबांच्या नावाने छापून यायचा. साडूंचं नाव कुठंच नसायचं. मी एकदा म्हणालो, "भाऊसाहेब, निदान एक पत्र तरी मागा त्यांच्याकडून." तर म्हणाले, "पाव्हणं, गवंड्याचं नाव भिंतीवर असतंय व्हय?" आणि पुढचा प्रश्न लिहायला घेतला.

हे वेड त्यांना निवृत्तीनंतर लागलं. त्याआधी तीस वर्षं ते तालुक्याच्या एका कचेरीत कारकून होते आणि त्यांचं काम बरोबर उलटं होतं. मुंबईहून विधानसभेचा प्रश्न आला, की कचेरीत साप निघाल्यासारखी पळापळ व्हायची. उद्या अकराच्या आत माहिती पाठवा म्हणून फोनवर फोन. साहेब फाईल साडूंच्या टेबलावर आणून टाकायचे आणि स्वतः दौऱ्यावर निघून जायचे. मग साडू उत्तर लिहायचे. खोटं म्हणून एक अक्षर नाही आणि खरं म्हणून एक अक्षर नाही, असं ते उत्तर असायचं. एका शाळेचं छप्पर वाऱ्याने उडालं होतं आणि मुलं उघड्यावर बसतात हे खरे आहे काय, असा प्रश्न आला होता. साडूंनी लिहिलं, 'हे खरे नाही.' मी थक्क झालो. तर ते शांतपणे म्हणाले, "पोरं लिंबाखाली बसतेत. सावली हाय, वारं हाय. उघड्यावर कावून म्हणायचं?" निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी बाजू बदलली. उत्तरातली भोकं मीच पाडलेली, तेव्हा ती बुजवायचीही मलाच ठाऊक, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या प्रश्नातून सुटून जायला मंत्र्याला फट म्हणून सापडायची नाही, आणि याचा त्यांना फार अभिमान होता.

या नादात माणसाची बोलीच बदलून गेली. न्हाव्याकडे गेले तरी, "वस्तरा काल धार लावलेला आहे, हे खरे आहे काय, असल्यास, कोणी लावली?" असं विचारायचे. माझ्या मुलीला पाहायला पाव्हणे आले होते. पोहे अजून यायचे होते, तोवर साडूंनी मुलाच्या बापाला धरलं. "एक, मुलगा पुण्याच्या कंपनीत कायम नोकरीला आहे, हे खरे आहे काय. दोन, असल्यास, तसा आदेश पाहावयास मिळेल काय. तीन, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत." बापाला ठसका लागला. पोहे न खाताच मंडळी उठली. मी साडूंवर असा भडकलो, की दोन महिने त्यांच्या घरी गेलो नाही. पुढं कळलं, की मुलगा ठेकेदाराकडं होता आणि तेही सुटलेलं होतं. पण ते मी त्यांच्यापुढं कधी कबूल केलं नाही, आणि बायकोलाही करू दिलं नाही. घरात या माणसाला पुरून उरायची ती एकटी आक्का, म्हणजे त्यांची बायको. ते ताटावर बसून म्हणायचे, "वरणात मीठ कमी आहे, हे खरे आहे काय?" आक्का चुलीवरून मान न वळवता म्हणायची, "अंशतः खरं हाय. गिळा."

अधिवेशन सुरू झालं की साडूंचा सण सुरू व्हायचा. सकाळी दाढी, इस्त्रीचा सदरा, आणि तांब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर प्रश्नोत्तराचा तास. त्या वेळी घरात कुणी भांडं वाजवायचं नाही. त्यांचा प्रश्न तारांकित, म्हणजे मंत्र्याने उभं राहून उत्तर द्यायचा, आणि यादीत वरच्या नंबरवर लागलेला असायचा, आणि नेमका त्याच्याआधी गोंधळ होऊन कामकाज तहकूब व्हायचं. तरी ते दुसऱ्या दिवशी परत सदरा घालून बसायचे. त्यांच्या शेजारी मांडी घालून बसणारं दुसरं माणूस म्हणजे मागच्या घरातली शिवकन्या. चौथीतली पोर, तिला ना मंत्र्यांशी घेणं ना प्रश्नाशी. तिला आवडायचे फक्त अध्यक्ष. घंटी वाजवून सगळ्या मोठ्या माणसांना खाली बसवणारा माणूस तिने दुसरीकडं कुठं पाहिला नव्हता. साडू गल्लीतून चालले, की ती ओट्यावरून ओरडायची, "सन्माननीय सदस्य, खाली बसा." आणि तो सहा फुटी माणूस हातातली पिशवी ठेवून तिथंच, धुळीत, खाली बसायचा. मी डोळ्यांनी पाहिलंय.

शिवकन्येचे आई-बाप दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, ते पाडव्याच्या पुढंमागं परतायचे. पोर आजीपाशी राहायची, धाकटा भाऊ लहान म्हणून आईसंगं जायचा. त्या पावसाळ्यात आजी गेली. अशा मुलांसाठी सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आई-बाप उसाला गेले, की मुलांनी गावातच शाळेत राहायचं, तिथंच जेवायचं. कागदावर ती हंगामाबरोबर सुरू होते. साडूंच्या गावात मात्र अर्धा हंगाम सरल्यावर मंजुरीचं पत्र यायचं, तोवर मुलं केव्हाच उसाच्या फडावर पोचलेली असायची. साडूंनी त्या वर्षी याच्यावरच प्रश्न धाडला होता.

टोळी निघायच्या दिवशी मी पत्रे पोचवायला त्यांच्याकडं गेलतो. शिवकन्येची आई मुक्ता दारात उभी होती. "भाऊसाहेब, वसतिगृह कवा उघडल?" तिने विचारलं. साडू म्हणाले, "प्रश्न गेलाय. आठ-पंधरा दिवसांत हालचाल व्हईल." ती म्हणाली, "मुकादम आजच निघा म्हनतोय." आणि तशीच उभी राहिली. काय मागायला आली होती ते तिच्या तोंडावर दिसत होतं. आक्काने साडूंना आत बोलावलं आणि सरळ सांगितलं, "धाकट्याला जाऊ द्या आईसंगं. पोरीला आपल्याकडं ठिवू. दोन भाकरी खाईल." साडू खालच्या आवाजात म्हणाले, "अगं, पोर आपल्या घरी राहिली, तर मुलांना आई-बापासंगं जावं लागतंय हे खरं कसं राहील? उत्तर येईल, मुलं गावातच हायेत. आपणच आपल्या प्रश्नाला भोक पाडायचं का?" आणि मी, खोटं कशाला सांगू, हसलो. मला तो नेहमीचा विनोद वाटला. ट्रॅक्टर निघाला तेव्हा शिवकन्या भांड्यांच्या ढिगावर बसली होती. जाताजाता ती ओरडली, "सन्माननीय सदस्य, खाली बसा." साडू ओट्यावर बसले आणि ट्रॅक्टर वळणाआड जाईस्तोवर उठले नाहीत.

संक्रांतीच्या सुमारास फोन आला. पोर फडाजवळच्या कालव्यावर पाणी आणायला गेली होती, काठावरून घसरली. तिकडंच, चार जिल्हे पलीकडं, सगळं उरकलं.

साडूंनी नवा प्रश्न लिहिला. वसतिगृह वेळेत सुरू न झाल्याने मुलीला फडावर जावे लागले आणि तिचा कालव्यात बुडून मृत्यू झाला, हे खरे आहे काय. आमदारांच्या पीएने तातडीने तो पुढं सरकवला आणि, नशीब बघा, त्या दिवशी गोंधळ झाला नाही. प्रश्न पुकारला गेला. मी मुद्दाम त्यांच्याकडं जाऊन बसलो होतो. त्यांना दुसरं काही नको होतं. मंत्र्याने भर सभागृहात 'होय, हे खरे आहे' एवढं म्हणावं, ते कागदावर कायमचं छापलं जावं, एवढंच. मंत्री उठले आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदय, हे खरे नाही. बीड जिल्ह्यात अशी कोणतीही घटना घडल्याची नोंद नाही." आमदारांनी हातातला कागद उलटसुलट करून पाहिला, एकूणच परिस्थिती गंभीर आहे असं काहीतरी बोलले आणि बसले. तासाभराने साडूंनी स्वतःची प्रत काढली. तीस वर्षांच्या हाताच्या सवयीने त्यांनी प्रश्नाच्या सुरुवातीलाच लिहून टाकलं होतं, 'बीड जिल्ह्यात'. गाव बीड जिल्ह्यातलं, पण पोर बुडाली होती दुसऱ्याच जिल्ह्यात. "उत्तर बरोबर हाय, पाव्हणं," ते म्हणाले. "मी टेबलावर असतो तर मी बी हेच लिवलं असतं." त्यानंतर त्यांनी मोबाइल तांब्यापुढून काढला तो परत तिथं ठेवला नाही.

पुढच्या दिवाळीनंतर मी गेलो, तर घर ओळखू येईना. ओसरीत दप्तरांची रांग, दोरीवर बारक्या बारक्या चड्ड्या-झबली, आणि आक्का परातीत पीठ मळतेय. अकरा पोरं. त्यात मुक्ताचा धाकटाही. वसतिगृहाचं पत्र याही वर्षी आलं नव्हतं. टोळ्या निघायच्या आधी साडू स्वतः घरोघर फिरले होते आणि म्हणाले होते, "पोरं ठिवून जा." असल्यास नाही, नसल्यास नाही. पोरांना अंघोळी घालताना मी त्यांना पाहिलं. साबण डोळ्यांत गेला म्हणून एक रडत होतं, आणि विधानसभेला धाक घालणारा हा माणूस त्याच्या डोळ्यांवर फुंकर मारत होता.

प्रश्न त्यांनी पुन्हा धाडलाच. या वेळी जिल्हा, तालुका, कालवा, सगळं चोख. नागपूरच्या अधिवेशनात तो खालच्या नंबरवर लागला, त्यामुळे नुसतं छापील उत्तर आलं. पोरं जेवायला बसली होती तेव्हा साडूंनी ते मला वाचून दाखवलं. मुलीच्या मृत्यूबाबत संबंधित जिल्ह्याकडून माहिती मागविण्यात येत आहे. वसतिगृहाबाबत, सदर गावातील सर्व मुले गावातच राहून शिक्षण घेत असल्याचे पाहणीत आढळून आले. पुढच्या भागांसमोर, प्रश्न उद्भवत नाही.

मी संतापलो. म्हणालो, "भाऊसाहेब, ही मुलं तुमच्या जिवावर गावात आहेत. लिहा त्यांना तसं. नाहीतर आठ दिवस आईबापांकडं सोडून या सगळ्यांना आणि मग या म्हणावं पाहणीला." बोलून गेलो आणि जीभ चावली. साडूंनी माझ्याकडं पाहिलं. मग तो कागद चार घड्या करून खिशात ठेवला आणि भाकरीची टोपली उचलून वाढायला गेले. वर्षापूर्वी त्यांना जी भीती होती, तेच उत्तर आलं होतं, आणि त्यांनी ते जेवत्या पोरांच्या रांगेत उभं राहून मुकाट्याने पचवलं.

हंगाम संपला. मुक्ता धाकट्याला न्यायला आली, त्या दिवशी मी योगायोगाने तिथंच होतो. काळवंडून गेली होती बाई. तिने पाणी घेतलं, पोराच्या अंगावरून हात फिरवला. साडू खुर्ची सोडून उभे राहिले. ती म्हणाली, "आक्का मला बोलल्या सगळं. त्या दिशी त्या पोरीला ठिवून घ्या म्हनल्या व्हत्या. तुमी न्हाई म्हनलात. खरं हाय का, भाऊसाहेब?"

आक्का चुलीपाशी थांबली. उत्तरं कशी द्यायची हे या माणसाइतकं जिल्ह्यात कुणाला येत नव्हतं. अंशतः खरं आहे म्हणता आलं असतं. माहिती मागवता आली असती. मंत्र्यावर, मुकादमावर, पत्रावर टाकता आलं असतं. मला मनातून वाटत होतं, की त्यांनी टाकावं.

"खरं हाय," साडू म्हणाले. "मी न्हाई म्हनलो."

मुक्ता उंबऱ्यावर बसली. साडू तसेच उभे होते. मग ती उठली, पोराचं दप्तर काखेला लावलं आणि दारातून वळून म्हणाली, "दिवाळी झाली की ह्याला परत आणून सोडते. ह्याला नुसता भात जात न्हाई. कालवण लागतंय, तेवढं ध्यानात ठिवा."

साडूंनी खिशातून पेन काढलं, घडी केलेला तो छापील कागद काढला, आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं.