आईला न झेपणाऱ्या जागा

बँकॉकला जाऊन आलो म्हटलं की पुण्यातले पुरुष एक ठरावीक हसू हसतात. आमच्या कंपनीतही हसले. "एकटेच का?" असंही विचारून झालं. मी एकटाच गेलो होतो आणि दिवसभर जिन्यांचे फोटो काढत हिंडलो. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना वाटत होतं ते त्यांना जास्त पटण्यासारखं होतं.

विश्रांतवाडीत आमच्या घरामागच्या गल्लीत विहार आहे. आई दर रविवारी तिथं वंदनेला जाते. तिथल्या बायकांनी गेल्या वर्षी थायलंडची सहल ठरवली. आईनं लगेच नाव दिलं. पासपोर्ट काढला, त्या फोटोसाठी ठेवणीतली साडी नेसली. सहलवाल्यांची एकच अट होती, सत्तरीच्या पुढच्या माणसाबरोबर घरचं कुणीतरी हवं. बायकोची शाळा, तिला परीक्षांचे पेपर. राहिलो मी. मला रजा होती. ऐपतही होती. मला जायचं नव्हतं, एवढंच. मला चड्डीत पाहिलेल्या आणि ते चारचौघांत सांगणाऱ्या वीसेक मावश्यांबरोबर आठवडाभर एका बसमधून फिरायचं, आईची पिशवी धरायची, ही कल्पनाच मला सहन होईना.

हे काही आईला सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून मी सांगितलं, डॉक्टर नको म्हणतात. गुडघ्यांना एवढं चालणं झेपणार नाही, ऊन फार, जिने फार, शिवाय तिथली भाषा आपल्याला येत नाही. डॉक्टरांना मी विचारलंच नव्हतं. आई "बरं" म्हणाली आणि पासपोर्ट कपाटात साड्यांच्या खाली ठेवून आली. विहारात जाऊन तिचं नाव कमी करायला मीच सांगितलं, तेही डॉक्टरांच्या नावावर.

माझ्या हिशेबानं गोष्ट तिथं संपत होती. बायका जाऊन आल्या, आईसाठी एक छोटी मूर्ती घेऊन आल्या आणि तिच्या गुडघ्यांची काळजी करायला लागल्या. पुढच्या रविवारी त्यांनी तिच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची आणली. सगळ्या पुढे सतरंजीवर, आई मागे भिंतीला लागून खुर्चीत. ती खाली बसायला लागली की कुणीतरी उठायचं, "आजी, वर बसा, डॉक्टरांनी सांगितलंय ना." इतकी वर्षं आई पहिल्या ओळीत बसून वंदना सुरू करायची. आता ती मागून म्हणायची आणि तिचा आवाज पुढे पोचेपर्यंत पुढच्या बायका ओळ संपवून मोकळ्या झालेल्या असायच्या. मी हे पाहिलं. पाहून घरी येऊन जेवलो.

मग कंपनीनं एका मशीनच्या ट्रेनिंगसाठी मला पाठवलं ते नेमकं बँकॉकला. आईला मी चेन्नई सांगितलं. बायकोला खरं माहीत होतं. ती म्हणाली, "तुमचं तुम्ही निस्तरा," आणि चपात्या बांधून दिल्या.

ट्रेनिंग संपल्यावर एक रविवार मोकळा मिळाला. ट्रेनिंगला आलेले दुसऱ्या कंपन्यांतले लोक मॉलमध्ये गेले. मी ठरवलं, जिथं आई गेली असती तिथं जायचं आणि तिला हे खरोखरच झेपलं नसतं याची खात्री करून घ्यायची. खोटं बोललेल्या माणसाला आपलं खोटं चुकून खरं निघावं अशी फार इच्छा असते. त्यासाठी स्वस्तातला स्वस्त प्रवास करायचा, म्हणजे हालही भरपूर होतील. मी मुळातच चिकट आहे, त्यामुळे दोन्ही गोष्टी जमून आल्या. सकाळी पिशवीत हॉटेलच्या फ्रीजमधल्या उरलेल्या चपात्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याची बाटली घेऊन निघालो.

सुरुवात चांगली झाली. बस स्टॉपला जायला रस्त्यावरून पूल होता आणि पुलाला उभा जिना. मी त्याचा खालून एक आणि वरून एक फोटो काढला. बस बिगर एसीची, छताला पंखे, खाली लाकडी फळ्या. शहर संपता संपेना. स्वारगेटहून निघालेला माणूस एव्हाना खंडाळ्याला पोचला असता, इथं अजून उड्डाणपुलाखालून उड्डाणपूल चालले होते. उकाडा असा, की चटणीचा डबा उघडला तर तेल सुटलेलं. मी समाधानानं घाम पुसत होतो. तेवढ्यात एक म्हातारी चढली, आईपेक्षाही वाकलेली. तिकिटं ठेवायच्या पत्र्याच्या नळकांड्याची टकटक करत कंडक्टर बाई पुढे आली, एका तरुणाकडे नुसतं बघितलं आणि तो उठला. म्हातारी बसली, लगेच डुलक्या काढायला लागली. तिचा फोटो मी काढला नाही. माझ्या कामाचा नव्हता.

नंतर नदी. तिथं बोट म्हणजे आपली सिटी बस, थांबते न थांबते तोच सुटते. धक्का आणि बोट यांच्यामध्ये फट, फटीत काळं पाणी उसळतंय आणि बोटीवरचा माणूस शिट्या मारून घाई करतोय. इथं मात्र मी निर्धास्त झालो. ही फट आईला जन्मात ओलांडता आली नसती. मी त्या फटीचा वाकून वाकून फोटो घेतला. माझ्या मागे बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या दोन आज्या होत्या. शिटीवाल्यानं शिटी तोंडात तशीच ठेवून दोघींचे हात धरले आणि भाजीच्या पाट्या उतरवाव्यात तसं त्यांना आत घेतलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रोजचंच असणार.

दुपारी देवळात पोचलो. दारात पादत्राणांसाठी पिशवी देतात, आपली आपण सांभाळायची. पुण्यात चपला जाण्याची सवय असल्यानं मी त्या पिशवीला दोन गाठी मारल्या. आत महापरिनिर्वाणातला बुद्ध, एका कुशीवर पहुडलेला, इतका लांब की डोक्यापासून पायापर्यंत जाताना मधे खांब लागतात. लोक पावलांपाशी गर्दी करून फोटो घेत होते. मी उंबऱ्याचा घेतला. उंबरा उंच होता.

बाहेर पडून सावली शोधत एका लहान विहारात शिरलो. पंधरा-वीस बायका जमिनीवर पाय एका बाजूला दुमडून बसल्या होत्या, बहुतेक म्हाताऱ्या. एका भिंतीशी मीही टेकलो, चपात्या कुठं खाव्यात याचा विचार करत. बायकांनी म्हणायला सुरुवात केली. पहिली ओळ माझ्या डोक्यावरून गेली. दुसऱ्या ओळीला कान टवकारले. उच्चार निराळे होते, आपल्या बुद्धंचं तिथं फुत्थंग होतं, पण हे पालीतलं त्रिसरणच होतं, बुद्धं सरणं गच्छामि. आमच्या गल्लीतलं. मी कधी म्हणायला लागलो कळलं नाही, आणि लागलो ते विश्रांतवाडीच्या चालीत, त्यांच्यापेक्षा मोठ्यानं. शेजारच्या बाईनं वळून पाहिलं आणि सरकून जागा करून दिली. पंचशीलापर्यंत मी तग धरला. त्याच्या पुढचं मला येत नाही, मी मागच्या ओळीत ओठ हलवणारा माणूस. माझा आवाज बंद पडल्यावर त्या बाईनं माझ्याकडे बघत शब्द सावकाश म्हणायला सुरुवात केली, मुलाकडून धडा म्हणून घ्यावा तसं. तरी मला येईना. आईला पुढचं सगळं येतं. तिला मी भाषा येत नाही असं सांगितलं होतं.

बायका उठून गेल्या तरी मी तिथंच बसलो होतो. परतताना सकाळचा पुलाचा जिना लागला. फोटो काढला नाही.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "कशी होती चेन्नई?" मी म्हटलं, उकाडा होता. आणखी दोन रविवार मी तसेच जाऊ दिले. तिसऱ्या रविवारी ती विहारातून आली, चहा घेताना म्हणाली, "खुर्चीत बसून वंदना म्हटली की बसची वाट बघत बसल्यासारखं वाटतं."

मी कप खाली ठेवला. म्हटलं, "आई, डॉक्टर काही म्हणाले नव्हते. मी त्यांना विचारलंच नव्हतं. मला यायचं नव्हतं." आणि एकदा तोंड उघडलंच आहे तर चेन्नईचंही सांगून टाकलं.

आईनं बशी खाली ठेवली. रडेल असं वाटलं. तिनं हात पुढे केला. "फोटो दाखव."

मी मोबाईल दिला. ती एकेक फोटो सरकवत गेली. जिना खालून, जिना वरून. बसची पायरी. फट. पुन्हा फट. उंबरा. ती शेवटापर्यंत गेली आणि पुन्हा मागे आली.

"बुद्ध कुठंय?"

"नाही काढला."

"एवढ्या लांब गेलास आणि जिने घेऊन आलास?"

मी का घेऊन आलो तेही सांगितलं. तिनं चष्मा पुसला आणि फोटो पहिल्यापासून बघायला लागली, या वेळी सावकाश. "हा चढेन मी. कठडा आहे." पुढचा. "ही तर आपल्या बसएवढीच पायरी." फटीपाशी थांबली. "इथं हात धरावा लागेल."

"मी येतो," मी म्हटलं.

"तुझ्या डॉक्टरांना विचार आधी," आई म्हणाली. "तुला झेपेल का ते."

मोबाईल परत देताना तिनं एवढंच सांगितलं, की येत्या रविवारी वंदना सुरू व्हायच्या आधी मी विहारात येऊन सगळ्यांना खरं काय ते सांगायचं. आणि हिवाळ्यात बायका पुन्हा जाणार आहेत, तिथं तिचं नाव द्यायचं. तेही मीच.

मी गेलो. उभा राहून सांगितलं, जिन्यांच्या फोटोंसकट. फार लांबवलं नाही, लांबवण्यासारखं काही नव्हतंच. मागून एक मावशी म्हणाल्या, "लहानपणीही असाच होता." आई खुर्चीतून उठली, गुडघ्यावर हात ठेवून पुढे गेली आणि पहिल्या ओळीत सतरंजीवर बसली. बायकांनी सरकून तिच्यासाठी जागा केली. सहलीत तिचं नाव पुन्हा लागलं. बरोबर घरचं कोण, असं विचारल्यावर तिनं मागे न बघता बोटानं मला दाखवलं.

मी दाराशी उभा होतो. सगळ्या खाली बसलेल्या, खुर्ची रिकामी. त्याच मावशींनी खुर्चीकडे बोट केलं आणि मला म्हणाल्या, "बस. तुला जिन्यांचा त्रास आहे ना."

मी बसलो. आईनं वंदना सुरू केली.