पाहुणीचा कप

मैत्रिणींनो, स्वतःला सुधारायचं ते एकवीस दिवसांचं चॅलेंज मीही घेतलंय. आज अकरावा दिवस.

सकाळी रीलसाठी सोयाबीनच्या पोत्यांवर पांढरी चादर टाकली, काचेच्या ग्लासात लिंबूपाणी ठेवलं, शेजारी कोरी डायरी. दिसायला सगळं झकास. आवाजाचंच जमेना. ‘मला स्वतःला वेळ द्यायला आवडतं’ एवढंच म्हणायचं होतं, पण दर वेळी ‘मले’च निघे. अख्खा जन्म उंद्रीसारख्या खेड्यात गेला, दुसरं काय निघणार?

सातव्यांदा जमलं. मऊ आवाज, स्वच्छ ‘मला’. मी खूश.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून माय ओरडली, “कोन आलं वं? पाव्हणीले बसाले सांग, चहा ठेवला मी.”

बशीवाला कप घेऊन ती बाहेर आली आणि इकडंतिकडं पाहू लागली. “काऊन गेली वं इतक्यात?”

“मीच बोलून राह्यली होती, माय.”

ती कप माझ्यासमोर ठेवून आत गेली. एरवी मी स्टीलच्या ग्लासात चहा पिते. बशीवाला कप आमच्याकडे फक्त पाहुण्यांना.

चहा प्यायले. रील काही टाकली नाही.

मले एक सांगा, तुमच्या रीलमधला आवाज तुमची माय ओळखते काय?